चौथ्या खणातून

शेफिल्डला रात्री अडीच वाजता
माशांच्या खोलीत साडेअठ्ठावीस अंश असतात.
बाहेर टेकडीवर ट्रामचे रूळ गोठलेले.
मी स्वेटर काढते, चष्म्यावरची वाफ पुसते
आणि काचेवरच्या थेंबात पाहते
अठरा तासांचा जीव.
हृदय अजून सुरू व्हायचंय,
डोळ्यांत काळा रंग उतरलेला नाही,
चेहरा हलवायची तयारी मात्र
केव्हाच सुरू झाली आहे.

मागच्या मेंदूला खण असतात,
शेवग्याच्या शेंगेला असतात तसे.
चौथ्या खणात या पेशी जन्मतात, हिरव्या, लुकलुकत्या
(हिरवेपण आम्ही दिलेलं, त्यांना पत्ता नाही).
प्रत्येकीचा आधी एक दोरा निघतो
चौथ्याच खणाच्या दारातून
कल्ल्याच्या स्नायूकडे,
जो स्नायू अजून पुरता झालेलाच नाही.
आणि मग ती स्वतः उठते,
शेपटीच्या दिशेनं सरकत
पाचवा खण ओलांडून सहाव्यात जाऊन बसते.
दोरा दारातच.

म्हणून त्या नसेला आतल्या आत वळण पडतं.
माणसाच्या डोक्यातही आहे ते.
शरीरशास्त्रात त्याला गुडघा म्हणतात,
चेहऱ्याच्या नसेचा गुडघा.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं.
हसायला तीच नस लागते.

सगळ्यांत आधी एक जाते.
मागच्या तिच्या दोऱ्याला धरून निघतात.
मार्चमध्ये मी लेसरनं तो दोरा छाटला,
वहीत लिहिलं: तिसरा मासा, डावी बाजू.
मागच्या थांबल्या.
मेल्या नाहीत, पांगल्या नाहीत.
बस रद्द झाल्याचं कुणी सांगितलं नाही
की माणसं थांब्यावर उभी राहतात, तशा.

आणि एका वाणात तर एकही जात नाही.
जनुकातलं एक अक्षर बदललेलं, बस.
जन्मल्या त्याच खणात राहतात,
आणि दोरे तरीही पोचतात स्नायूपर्यंत.
मग जायचं कशाला, कॅलमनं विचारलं.
नवा विद्यार्थी, बार्न्सलीचा, घरून रोज येतो-जातो.
माहीत नाही, मी म्हटलं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
खबरदार, म्हटलं, मी पेशी नाही.
मी विमानानं आले
आणि मागे दोराबिरा काही सोडलेला नाही.
हे जरा जोरातच बोलले मी.

ब्रेंडा स्टॅनिफोर्थ टाक्या धुते, एकतीस वर्षं.
जानेवारीत एका सकाळी तिचा डावा गाल
खुंटीवरून कोट पडावा तसा पडला.
चहा ओठांतून ओघळे, डोळ्यावर चिकटपट्टी,
माशांना खाणं टाकताना घालायची ती शीळ बंद.
येईल परत, डॉक्टर म्हणाले,
दोरा दिवसाला मिलिमीटरभर वाढतो.
तिनं मला विचारलं, त्याला वाट कोण दाखवतं?
गर्भात असताना, म्हटलं, दाखवणारे पुष्कळ असतात.
आणि आता?
मी टाकीचं झाकण लावलं.

ऑगस्टमध्ये गाल आला.
आला, पण काही दोरे घर चुकले.
ओठाकडे निघालेले पापणीला जाऊन लागले.
आता ब्रेंडा हसली की तिचा डावा डोळा मिटतो.
शीळ अजून जमत नाही.

आज सकाळी सहाला बादली घेऊन आली,
म्हणाली, ट्राममध्ये एका म्हाताऱ्याकडे बघून हसले
तर त्यानं उलट डोळा मारला!
सांगताना हसली, डोळा मिटला,
मिटला म्हणून आणखी हसली.
स्क्रीनवर ती पेशी
पाचव्या खणाच्या मध्यावर होती.
पुढचा फोटो निघायला चार मिनिटं होती.